ओळखीचं घर असलं तरी तपासणी इसाराच्या आधीच

प्रश्न : ताई, आम्ही नवरा-बायको आणि एक शाळकरी मुलगी. बरीच वर्षं भाड्याने काढल्यावर आता स्वतःचं घर घ्यायचं ठरवलंय. वडिलांचे एक जुने मित्र आहेत, मी त्यांना लहानपणापासून काका म्हणतो. ते त्यांचं घर विकतायत. घर साधारण ४५ वर्षांचं. आधी नुसता तळमजला होता, वरचा मजला त्यांनी पुढे वीसेक वर्षांनी चढवला. घर हवेशीर आहे, आम्हाला मनापासून आवडलंय आणि काका भावही रास्त सांगतायत. विकायच्या आधी त्यांनी आतून-बाहेरून रंग देऊन घेतलाय. फक्त जिन्याच्या भिंतीत एक तिरकी भेग रंगाखालूनही दिसते आणि खालच्या बाथरूमबाहेरच्या भिंतीला थोडी ओल आहे. बायको म्हणते, इसार द्यायच्या आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून घराच्या मजबुतीची तपासणी, करून घेऊ. माझे मेहुणे बांधकामाच्या धंद्यात आहेत. ते घर फिरून आले आणि म्हणाले, "जुनं काम आहे, दगडासारखं. ऑडिटवर पैसे घालवू नका." शिवाय कर्जासाठी बँकेचा माणूस येऊन बघणारच आहे. आणि खरं सांगायचं तर "काका, तुमचं घर तपासून घेतो" असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पुढच्या महिन्यात इसार द्यायचाय. काय करावं?

उत्तर : नमस्कार. आधी उत्तर देते, मग कारणं. तपासणी करून घ्या, आणि इसार देण्याआधीच करून घ्या. तुमच्या पत्नीचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. इसारानंतर केलेली तपासणी अगदीच वाया जाते असं नाही, पण तोवर तुमचा हात दगडाखाली अडकलेला असतो. मग अहवालात काहीही निघालं तरी "आता काय, पैसे तर दिलेत" असं म्हणत माणूस स्वतःचीच समजूत घालायला लागतो. जुनी घरं तपासण्याच्या माझ्या कामात हे मी फार वेळा पाहिलंय, आणि दर वेळी वाईट वाटतं.

मेहुण्यांच्या अनुभवाचा मान ठेवून सांगते, नवं घर उभं करणं आणि जुन्या घराला काय झालंय हे ओळखणं, ही दोन वेगळी कामं आहेत. नवं बांधताना सळई किती जाडीची, काँक्रीट कसं, पाया किती खोल, हे सगळं डोळ्यांसमोर असतं. जुन्या घरात यातलं काही दिसत नाही. जुन्या भिंती जाड असायच्या हे खरंच आहे. पण त्या काळातलं काँक्रीट पुष्कळदा हाताने कालवलेलं, पाणी अंदाजाने ओतलेलं आणि सळईवरचं काँक्रीटचं आवरण कुठे दोन बोटं तर कुठे नखाएवढं. चांगलं कुठलं आणि कच्चं कुठलं, हे घरातून एक फेरी मारून कुणालाच कळत नाही, मला पण नाही. त्यात घराला नुकताच रंग दिलेला. भिंतींनी काही सांगायचं असेल तर ते सध्या त्या रंगाखाली आहे.

बँकेच्या माणसाचं काम आणखी वेगळं. तो मूल्यांकन करायला येतो. दिलेलं कर्ज उद्या बुडालं तर हे घर विकून ते वसूल होईल का, एवढंच त्याला बघायचं असतं. जागा, क्षेत्रफळ, आजूबाजूचे भाव, घराची वरवरची अवस्था बघून तो जातो. स्लॅबमधली सळई गंजलीय का, हे तो बघत नाही आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही नसते. त्याने आकडा लिहून दिला म्हणजे घर धडधाकट आहे, असं समजू नका.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीपाशी मी थांबले, ती भेगेची नव्हती. वरचा मजला वीसेक वर्षांनी चढवला, ही ओळ होती.

एका मजल्यासाठी बांधलेल्या घरावर दुसरा मजला आला की खालच्या भिंतींवरचा आणि पायावरचा भार जवळपास दुप्पट होतो. बांधतानाच "पुढेमागे वर चढवू" असा विचार करून पाया रुंद आणि खोल घेतला असेल, तर काहीच अडचण नाही. कित्येक घरं अशी व्यवस्थित उभी आहेत. पण कुटुंब वाढलं, जागा कमी पडली म्हणून मजला चढवला आणि पायाचा विचार कुणी केलाच नाही, असंही सर्रास होतं. म्हणून काकांना पहिला प्रश्न हा विचारा की मजला चढवताना कुणा इंजिनिअरने पाया तपासला होता का, आणि त्याचे नकाशे आहेत का. नकाशे नसतील तर इंजिनिअर भिंतीलगत एका-दोन ठिकाणी खड्डा घेऊन पाया उघडा करून बघतो. पाया किती खोल गेलाय, किती रुंद आहे, खाली माती कसली, हे त्या एका खड्ड्यात कळतं. अर्ध्या दिवसाचं काम आहे. तुमच्या घरासाठी सगळ्या तपासणीतली हीच गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. खर्च वाचवण्यासाठी काही गाळायची वेळ आली, तर हा खड्डा गाळू नका.

याच्याच जोडीला दुसरी गोष्ट. घर लोड बेअरिंगचं आहे, म्हणजे भिंतींवरच उभं आहे, की कॉलम-बीमचं? आणि तळमजल्यावरची एखादी भिंत मधल्या काळात पाडली आहे का? हॉल मोठा करायला, स्वयंपाकघर मोकळं करायला लोक भिंती पाडतात. कॉलम-बीमच्या घरात मधली भिंत बहुतेक वेळा भार घेत नाही, काढली तरी चालून जातं. लोड बेअरिंगच्या घरात तीच भिंत वरचा मजला तोलत असते. ती काढून वर नीट गर्डर किंवा बीम टाकला नसेल, तर वरची भिंत काही वर्षांनी खचायला लागते. काका ही गोष्ट लपवतील म्हणून नव्हे, त्यांना ती सांगण्यासारखी वाटणारच नाही म्हणून तुम्ही मुद्दाम विचारायचं.

मग भेग. तुम्ही लिहिलंय की ती तिरकी आहे, जिन्याच्या भिंतीत आहे आणि नव्या रंगातूनही दिसते. घराला आधी वरचा मजला नव्हता, म्हणजे हा जिना बहुतेक मजल्याबरोबरच नंतर आला. नंतर बांधलेल्या भागाचा पाया वेगळा असतो आणि तो नव्याने बसतो. जुना भाग मात्र वीस वर्षं आधीच बसलेला असतो. त्यामुळे दोन्हींच्या सांध्यापाशी भेग पडणं अगदी स्वाभाविक आहे. ती पहिल्या काही वर्षांत पडून तिथेच थांबली असेल, तर नीट भरून घेतली की विषय संपला. पण ती अजून वाढत असेल, तर जिन्याखालची जमीन खचतेय किंवा पाणी मुरून माती वाहून जातेय, आणि मग प्रकरण वेगळं आहे. रंग नवा असूनही भेग दिसते, एवढ्यावरून ती चालू आहे असं मी म्हणणार नाही. न भरताच वरून रंग मारला असेल तरी ती दिसेल. पण भरून, पुट्टी लावून रंग दिल्यावर ती पुन्हा उमटली असेल, तर कान टवकारायला हवेत. रंगाऱ्याने ती भरली होती का, हे काकांना सहज विचारता येईल.

भेगेची रुंदी मोजतात. १ मिलिमीटरच्या आतल्या बारीक भेगा बहुतेक वेळा गिलाव्याच्या असतात, रंगकामात भरून निघतात. ५ मिलिमीटरपर्यंतच्या भेगा भरता येतात, पण कारण शोधूनच भराव्यात. त्यापुढची भेग असेल, दारं-खिडक्या अडकत असतील, तर इंजिनिअरशिवाय पुढे पाऊल टाकू नये. पण नुसत्या रुंदीपेक्षा भेगेचा स्वभाव जास्त सांगतो. ती वर रुंद आणि खाली निमुळती आहे की उलट, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी गेलीय की विटा चिरत गेलीय, भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसते की एकाच. घराचं टोक खचत असेल तर भेग सहसा वर रुंद असते, मधला भाग खचत असेल तर खाली. जुन्या भेगेच्या कडा मळलेल्या असतात, आत धूळ, कधी जुन्या रंगाचा थर सापडतो. ताज्या भेगेच्या कडा धारदार आणि आतून स्वच्छ असतात. भेग चालू आहे की थांबलीय हे नक्की करायचं तर तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवतात, किंवा खुणा केलेला गेज बसवतात. हालचाल झाली की काच तडकते, गेजवर आकडा सरकतो. याला काही महिने लागतात, एखादा ओला आणि एखादा कोरडा मोसम जावा लागतो. तुमच्याकडे तेवढा वेळ नाही.

पण तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी परक्या विकत घेणाऱ्याकडे नसते. काकांच्या घरातले जुने फोटो. घरातल्या समारंभाचे, मुलांच्या वाढदिवसाचे, जिन्यात उभं राहून काढलेले. त्यांत माणसांच्या मागची भिंत बघा. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या फोटोत ती भेग तेवढीच दिसत असेल, तर मोठा दिलासा आहे. तेव्हा नसेल आणि आता असेल, तर तेही तुम्हाला कळलंच. छताचे कोपरे, बाथरूमबाहेरची भिंतही बघून घ्या. ओल कधीपासूनची आहे ते तिथे सापडेल. हे फोटो इंजिनिअरला जरूर दाखवा.

ओलीबद्दल तुम्ही अर्धीच ओळ लिहिलीत, पण मी तिला हलकं घेणार नाही. तिच्यामागे काय असू शकतं ते समजावं म्हणून काँक्रीटबद्दल थोडं सविस्तर सांगते.

ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच १२.५ ते १३ च्या आसपास. या अल्कतेमुळे आतल्या सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर धरतो आणि सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड मात्र वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये पृष्ठभागाकडून आत शिरत राहतो आणि ही अल्कता मोडत जातो. याला कार्बोनेशन म्हणतात. त्याचा वेग पुढेपुढे मंदावतो, दुप्पट खोल जायला साधारण चौपट काळ लागतो. म्हणून दाट, चांगल्या काँक्रीटची घरं पिढ्यान्पिढ्या टिकतात, आणि सच्छिद्र काँक्रीटची, पातळ आवरणाची घरं तीस-चाळीस वर्षांतच आजारी पडतात. कार्बोनेशन सळईपर्यंत पोहोचलं की तिचं संरक्षण जातं. तरीही ती जागा कोरडी असेल तर गंज फारसा धरत नाही. गंजाला पाणी लागतं. नेमकं हेच बाथरूम, गच्ची, पाण्याची टाकी, बाहेर काढलेली गॅलरी या ठिकाणी मिळतं. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा व्यापतो. आतून फुगलेली सळई काँक्रीटला ढकलते, सळईच्या रेषेत सरळ भेग पडते, मग पोपडा सुटतो, मग सळई उघडी पडते. छताला पोपडे दिसतात तेव्हा आत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

आता इंजिनिअर हे कसं तपासतो ते बघा. आधी साधी हातोडी घेऊन तो स्लॅबखालून, बीमवरून, कॉलमवरून ठोकत जातो. धड काँक्रीट खणखणीत वाजतं. जिथे थर आतून सुटलाय तिथे बद्द, पोकळ आवाज येतो. वर रंग कितीही छान असो, आवाज लपत नाही. त्या दिवशी तुम्ही त्याच्या मागे फिरा आणि स्वतःच्या कानाने ऐका, हा फरक कुणालाही कळतो. संशयाच्या जागी तो थोडं काँक्रीट फोडून आतला ताजा भाग उघडा करतो आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलीन नावाच्या रसायनाचा फवारा मारतो. जिथे अल्कता शाबूत आहे तिथे लगेच गडद गुलाबी रंग चढतो. जिथे कार्बोनेशन झालंय तो भाग राखाडीच राहतो. मग तो पट्टीने मोजतो, कडेपासून किती आत गुलाबी रंग सुरू होतो आणि सळई किती आत आहे. गुलाबी पट्टा सळईच्या अलीकडेच सुरू झाला, तर सळई अजून सुरक्षित आहे. सळई राखाडी भागात असेल आणि तिथे ओल पण असेल, तर दुरुस्ती धरूनच चालायचं. दहा मिनिटांची ही तपासणी आहे, आणि मोठ्या यंत्रांपेक्षा ती मला कितीतरी वेळा जास्त सांगून गेलीय.

यंत्रंही लागतात. रिबाउंड हॅमर काँक्रीटवर दाबून उसळी मोजतो आणि त्यावरून ताकदीचा अंदाज येतो. पण जुन्या घरात हा आकडा जपून वाचावा लागतो, कारण कार्बोनेशनमुळे वरचा थर टणक होतो आणि आकडा खऱ्यापेक्षा चांगला येतो. "हॅमर टेस्ट पास झाली" एवढंच लिहिलेला अहवाल कुणी हातात दिला, तर त्यावर निर्धास्त होऊ नका. अल्ट्रासोनिक तपासणीत ध्वनिलहर काँक्रीटमधून किती वेगाने जाते ते मोजतात. सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटरच्या वर वेग असेल तर काँक्रीट चांगलं समजतात, तीनच्या खाली गेला तर आत पोकळी, भेगा किंवा कच्चं काम असल्याचा संशय घेतात. गंज चालू असण्याची शक्यता किती हे सांगणारी हाफ-सेल चाचणी आहे, काँक्रीटचा गाभा कापून प्रयोगशाळेत दाबून बघण्याची कोअर टेस्ट आहे. या सगळ्या तुमच्या घराला लागतीलच असं नाही. आधी डोळ्यांनी आणि हातोडीने बघायचं, मग जिथे संशय आहे तिथेच यंत्र लावायचं. चांगला इंजिनिअर हाच क्रम ठेवतो. आल्याआल्या चाचण्यांची लांबलचक यादी आणि तिचं बिल पुढे करणाऱ्यापासून सावध राहा.

तुमच्या बाथरूमची ओल पाइपची असेल तर ती एका जागी पसरते आणि पाणी वापरलं की वाढते. जमिनीतून चढणारी असेल तर भिंतीच्या तळापासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत पट्टा दिसतो, त्यावर पांढरट क्षार फुलतात. वरच्या मजल्याच्या बाथरूममधून झिरपत असेल तर बघायचं ते वरचं. कारण सापडल्याशिवाय नुसतं वॉटरप्रूफिंगचं रसायन फासून काही होत नाही. जमलं तर एकदा चांगल्या पावसात त्या घरी चहाला जाऊन या.

बाकीच्या गोष्टी इंजिनिअर बघेलच, पण नावं लक्षात ठेवा. गच्चीचा उतार आणि पाण्याची टाकी कशावर उभी आहे ते, गॅलरी आणि छज्जे, लाकडी तुळया किंवा चौकटी असतील तर वाळवी, भिंतीलगत मोठं झाड असेल तर त्याची मुळं, सांडपाण्याच्या जुन्या लायनी पायाजवळ फुटल्यात का. फॉल्स सीलिंग असेल तर एक-दोन ठिकाणी उघडायला सांगा, त्यामागचा स्लॅब बघितल्याशिवाय त्या खोलीला पास करू नका. वायरिंग मात्र स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये येत नाही. ४५ वर्षांच्या घरात ते वेगळ्या इलेक्ट्रिशियनला दाखवा.

इंजिनिअर कसा निवडाल? तो स्ट्रक्चरल इंजिनिअर असावा, त्याने जुन्या इमारतींची तपासणी केलेली असावी आणि त्याला या व्यवहारातून दुसरा काही फायदा नसावा. म्हणजे दलालाने सुचवलेला नको, विकणाऱ्याचा नको, आणि जो स्वतःच दुरुस्तीचं कंत्राट घेतो तोही नको. दोष किती मोठा हे सांगणारा आणि दोष दुरुस्त करून पैसे घेणारा, हे दोघं वेगळे असलेले बरे. मेहुण्यांच्या ओळखीतलाही नको, त्यांचा मान म्हणूनच नको. उद्या काही निघालं तर नात्यात कटुता येईल. फोनवर ठरवतानाच विचारून घ्या : नुसती नजरेने पाहणी करणार की चाचण्याही, पाया उघडून बघणार का, अहवाल लेखी आणि फोटोंसकट देणार का, त्यात दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज असेल का. हे सगळं कामाच्या पत्रात लिहून घ्या.

अहवाल आला की बहुतेक लोक शेवटच्या पानावर उडी मारतात. तुम्ही आधी "काय तपासता आलं नाही" हा भाग वाचा. कपाटामागची भिंत, फरशीखालचा भाग, कुलूप असलेली खोली, काहीतरी राहतंच. ते छोटं असेल तर ठीक. पण पाया आणि गच्चीच त्या यादीत असतील, तर तपासणी झालीच नाही असं समजून इंजिनिअरला पुन्हा बोलवा. मग दोषांची विभागणी मागा : राहायला जायच्या आधीच करायचं काय, दोन-तीन वर्षांत करायचं काय, आणि नुसतं लक्ष ठेवायचं काय. "बरी अवस्था", "किरकोळ दुरुस्ती" असे शब्द असतील तर फोन करून विचारा की म्हणजे नक्की कुठे, किती. शेवटी हा एक प्रश्न तोंडी विचारा : हे घर तुमच्या सख्ख्या भावाला घ्यायचं असतं, तर तुम्ही काय सांगितलं असतं? लिहिताना शब्द तोलून लिहिणारा माणूसही या प्रश्नाला मोकळेपणाने उत्तर देतो.

अहवालात दोष निघणारच, ४५ वर्षांच्या घरात ते नसतील तर मला अहवालाचीच शंका येईल. गळती, गिलावा, एखाद्या बीमची दुरुस्ती, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, यासाठी चांगलं घर सोडू नका. हा खर्च मांडून घ्या, त्यात थोडी भर घाला, कारण गंजाचं काम फोडायला घेतलं की दिसलं होतं त्यापेक्षा जास्तच निघतं, आणि मग किमतीचं बोला. पण पाया वरच्या मजल्याला अपुरा असेल, जमीन अजून खचत असेल, किंवा तळमजल्याच्या बऱ्याच कॉलमांत गंज खोल गेला असेल, तर भाव कितीही रास्त असो, घर कितीही हवेशीर असो, मी तुम्हाला ते घ्या असं सांगणार नाही. त्या घरात तुमची मुलगी झोपणार आहे.

राहिले काका. मला वाटतं तुमची खरी अडचण ही आहे, आणि ती मी समजू शकते. पण असा विचार करून बघा. काकांनाही त्यांच्या कॉलममध्ये काय चाललंय हे माहीत नाही. जिथे ४५ वर्षं राहिलो तिथल्या भेगा, ओल, अडकणारं दार डोळ्यांना दिसेनासं होतं. तपासणीतून तुम्ही त्यांचा खरेपणा जोखत नाही आहात. उलट, न तपासता घर घेतलंत आणि दोन वर्षांनी स्लॅबचा पोपडा पडला, तर तेव्हा मनात येईल तो संशय मात्र काकांवरचाच असेल. वडिलांच्या मैत्रीला खरा धोका तिथे आहे.

म्हणून तपासणीच्या दिवशी अचानक इंजिनिअर घेऊन जाऊ नका, आणि फोनवर किंवा मेसेजवरही सांगू नका. दोघं मिळून घरी जा आणि सरळ बोला : "काका, घर आम्हाला फार आवडलंय आणि घ्यायचं मनात आहे. आयुष्याची पुंजी घालतोय, कर्जही काढतोय, म्हणून इंजिनिअरकडून एकदा सगळं बघून घ्यावं म्हणतो. एक-दोन ठिकाणी थोडं फोडावं लागेल, पाया बघायला बाहेर खड्डा घ्यावा लागेल, ते आमच्या खर्चाने पूर्ववत करून देऊ. अहवालाची एक प्रत तुम्हालाही देतो." त्यांनी नुकताच रंग दिलाय, त्यामुळे फोडाफोडीचं नाव काढल्यावर थोडं वाईट वाटेल. कुठे फोडायचं हे आधी त्यांना दाखवून, त्यांच्या संमतीने करा. वडील असतील तर त्यांना बरोबर न्या, मोठ्यांच्या बोलण्यात अवघडलेपण लवकर निवळतं. यानंतरही काका तपासणीला साफ नकार देत असतील, तर मात्र थांबा. नकाराचं कारण समजल्याशिवाय पुढे जाऊ नका, नातं कितीही जुनं असो.

काकांना पैशांची घाई असेल आणि इसार पुढे ढकलणं शक्यच नसेल, तर इसाराच्या कागदावर वकिलाकडून एक अट घालून घ्या : इंजिनिअरच्या तपासणीत घराच्या मजबुतीला बाधक दोष निघाला तर व्यवहार रद्द करून इसार पूर्ण परत मिळेल. त्याला मुदत लिहा, आणि "बाधक दोष" म्हणजे काय तेही लिहा. त्याच वकिलाला वरच्या मजल्याची बांधकाम परवानगी बघायला सांगा. ती नसेल तर घर मजबूत असूनही पुढे कर्जाला आणि विक्रीला अडचण येते.

मेहुण्यांनाही बाजूला ठेवू नका. तपासणीच्या दिवशी त्यांना बोलवा. हातोडीचे आवाज त्यांनाही ऐकू द्या, आणि अहवालातल्या दुरुस्त्यांचे दर त्यांच्याकडून काढून घ्या. बाजारात मजुरी आणि मालाचा खरा भाव काय, हे त्यांना आम्हा इंजिनिअरांपेक्षा चांगलं माहीत असतं, आणि काकांशी किमतीचं बोलायला बसाल तेव्हा तुम्हाला तेच आकडे लागणार आहेत.

या आठवड्यात एवढं करा. जिन्याच्या भेगेचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून, आणि भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलने बारीक खूण करून तारीख लिहा. काकांना विचारूनच. इंजिनिअरला फोन कराल तेव्हा मूळ घर कधीचं, मजला कधीचा, जिना कधीचा, हे सांगून तो फोटो पाठवा. पाहणीला यायच्या आधीच कुठली अवजारं आणि किती वेळ लागेल, हे त्याला ठरवता येईल.